चार हातांचा सिलिकॉन आणि दोन पाहुणे



वसंत व्याख्यानमालेत इतिहासाला गर्दी होते, साहित्याला होते, राजकारणाला तर खुर्च्या अपुऱ्या पडतात. ‘सिलिकॉनची हॅलाइडे आणि नायट्रोजन’ असा विषय पत्रिकेत छापल्यावरही आपण इतके जण आलात, याचे श्रेय मी विषयाला देत नाही; संध्याकाळी खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याला देतो. पण एवढे मात्र म्हणतो की, ठाणे, कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. आपल्यातील पुष्कळ घरांतून कोणी ना कोणी रसायनांच्या कारखान्यात पाळी करून आलेला असतो. ज्यांच्या घरात तसा कोणी नाही, त्यांच्या खिडकीतून निदान वास तरी आलेला असतो. तेव्हा ओळख आहेच. फक्त नावगाव विचारायचे राहिले आहे.

प्रथम सिलिकॉनचे नावगाव. लॅटिन भाषेत ‘सायलेक्स’ म्हणजे गारगोटी. पृथ्वीच्या कवचाचा वजनाने चौथ्या हिश्शाहून अधिक भाग सिलिकॉनचा आहे. अंबरनाथचे शिवमंदिर ज्या काळ्या दगडात कोरले आहे त्या दगडात जवळजवळ निम्मे सिलिका, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे संयुग आहे. कल्याणच्या आणि मुंब्र्याच्या रेतीबंदरावर जी रेती उतरत असे, ती याच सह्याद्रीच्या दगडाचा चुरा. ती बांधकामाला उत्तम. पण काचेला नको, कारण तिच्यात लोखंड फार. काचेची पांढरी वाळू हवी असेल तर सिंधुदुर्ग जिल्ह्यात कणकवली तालुक्यातल्या कासार्ड्याकडे जावे लागते. असे हे मूलद्रव्य सर्वत्र आहे, आणि तरीही ते एकटे कधी सापडत नाही. ऑक्सिजनशी त्याचा संसार इतका पक्का की, स्वीडनच्या बर्झेलियसने तो मोडून सिलिकॉन वेगळा काढला तो १८२४ साली.

आता हा संसार मोडायचा कसा? ज्यांना ऑक्सिजनची जागा घेता येते असे थोडे वायू आहेत. त्यांत पहिला मान फ्लोरीनचा. ही गोष्टही स्वीडनमध्येच घडली. १७७१ साली शेले नावाच्या औषधविक्याने फ्लोरस्पार नावाचा खनिज दगड गंधकाम्लात घालून काचेच्या बकपात्रात तापवला. वायू निघाला, तो त्याने पाण्यावर घेतला, आणि पाण्यावर पांढरी साय धरली. ती साय पाहिली तर सिलिका! शेलेला वाटले, या नव्या आम्लाचा आणि पाण्याचा संयोग होऊन माती तयार झाली. खरा प्रकार काही वर्षांनी इतर रसायनज्ञांनी उलगडला. आम्लाने त्याचे काचेचे भांडेच खाल्ले होते. काचेतला सिलिकॉन फ्लोरीनबरोबर वायुरूप होऊन उडाला होता, आणि पाणी भेटताच त्यातला काही भाग पुन्हा सिलिका होऊन बसला होता. या वायूचे नाव सिलिकॉन टेट्राफ्लोराइड. ‘टेट्रा’ म्हणजे चार. एका सिलिकॉनला चार फ्लोरीन.

हे काही परदेशातले कौतुक नव्हे. अंबरनाथला धरमसी मोरारजी केमिकल कंपनीचा कारखाना उभा राहिला. कंपनीची स्थापना १९१९ची. गंधकाम्ल आणि त्यापासून सुपरफॉस्फेट खत हा तिथला मूळ धंदा. सुपरफॉस्फेट करतात म्हणजे काय करतात? हाडासारखा एक दगड, त्याला रॉक फॉस्फेट म्हणतात, तो दळून त्यावर गंधकाम्ल ओततात. या दगडात थोडा फ्लोरीन असतो आणि थोडी वाळूही असते. म्हणजे शेलेच्या बकपात्रातला सगळा सरंजाम तिथे हजर झाला. साहजिकच जगातल्या प्रत्येक सुपरफॉस्फेटच्या कारखान्यातून सिलिकॉन टेट्राफ्लोराइड निघतो. तो हवेत सोडला तर गवत, गुरे आणि माणसे यांच्या दातांना व हाडांना भोवतो. म्हणून तो पाण्याच्या फवाऱ्यात धुऊन घ्यावा लागतो, आणि त्या धुवणाचे पुन्हा उपयोगी क्षार करता येतात. पाण्यात तो नुसता विरघळत नाही. तिथे सिलिकॉनभोवती चाराऐवजी सहा फ्लोरीन गोळा होतात. हा सहाचा आकडा लक्षात ठेवा, कारण आजचे सारे व्याख्यान त्याच आकड्याभोवती आहे.

शाळेत आपण शिकलो की कार्बनला चार हात, सिलिकॉनलाही चार हात. संयुजा चार. चारही हात चार हॅलोजनांनी धरले, म्हणजे फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन यांपैकी कोणीतरी धरले, की हिशेब मिटला पाहिजे. कार्बनचा मिटतो. कार्बन टेट्राक्लोराइड, जे एके काळी कपड्यांवरचे डाग काढायला आणि आग विझवायला वापरत, ते पाण्याखाली वर्षानुवर्षे ठेवले तरी पाण्याकडे ढुंकून पाहत नाही. सिलिकॉन टेट्राक्लोराइड त्याचा सख्खा चुलतभाऊ. तोही पाण्यासारखा पातळ, बिनरंगी, सुमारे ५८ अंशांवर उकळणारा. पण त्याच्या बाटलीचे बूच आपल्या जूनच्या हवेत उघडा: पांढऱ्या धुराचे लोट सुरू होतात आणि नाक, डोळे झोंबू लागतात. हवेतल्या ओलाव्याने क्लोरीन सुटून हायड्रोक्लोरिक आम्ल होते आणि मागे सिलिका उरते. चुलतभावांच्या स्वभावात एवढा फरक का?

या प्रश्नाचा पहिला धागा १८१२ साली हाती लागला. जॉन डेव्ही म्हणून एक इंग्रज होता. खाणकामगारांच्या दिव्यामुळे प्रसिद्ध झालेल्या हंफ्री डेव्हीचा हा धाकटा भाऊ. त्याने सिलिकॉन टेट्राफ्लोराइड आणि अमोनिया हे दोन वायू मोजून एकत्र आणले. दोन्ही वायू नाहीसे झाले आणि भांड्याच्या भिंतीवर पांढरी पूड बसली. मोजमाप केले तर एक भाग फ्लोराइडने बरोबर दोन भाग अमोनिया गिळला होता. दीड नाही, अडीच नाही, दोन. थोरल्या भावाच्या कीर्तीपुढे या धाकट्याचे नाव झाकोळले, पण रसायनाच्या इतिहासात मला हा प्रयोग फार देखणा वाटतो. दोन वायू, एक पारा भरलेली नळी आणि मोजपट्टी. एवढ्या सामग्रीवर त्याने जी गोष्ट नोंदवली, तिचा अर्थ लावायला पुढच्या पिढ्यांना शंभर वर्षे लागली.

अडचण अशी की, सिलिकॉनचे चारही हात फ्लोरीनने धरलेले आहेत. अमोनियातल्या नायट्रोजनला तीन हात, ते तीन हायड्रोजनांनी धरलेले. कोणाचाच हात मोकळा नाही. मग ही दोन कुटुंबे एकमेकांना धरतात कशाने? १८९३ साली झुरिकच्या आल्फ्रेड वेर्नरने सांगितले की, मुख्य संयुजेखेरीज अणूला दुय्यम संयुजाही असते आणि तिला अवकाशात ठरावीक दिशा असतात. त्याचे म्हणणे मुख्यतः कोबाल्ट, प्लॅटिनम अशा धातूंविषयी होते. पुढे १९१६ साली अमेरिकेच्या लुईसने बंध म्हणजे दोन इलेक्ट्रॉनांची जोडी, हे सांगितले, तेव्हा खरा उलगडा झाला. नायट्रोजनच्या बाहेरच्या कक्षेत पाच इलेक्ट्रॉन असतात. तीन, तीन हायड्रोजनांशी भागीदारीत जातात. उरलेले दोन जोडीने घरीच बसलेले असतात. ही शिलकी जोडी नायट्रोजन दुसऱ्याला देऊ शकतो. मालकी त्याची, वापर दोघांचा. अशी जोडी देणाऱ्या रेणूला रसायनशास्त्रात लिगंड म्हणतात; मराठीत संलग्नी असा शब्द केला आहे, तोही वाईट नाही.

पण देणारा आहे म्हणून घेणारा असतोच असे नाही. सिलिकॉन का घेतो? एक तर त्याचे चारही शेजारी मोठे ओढाळ. फ्लोरीन, क्लोरीन हे इलेक्ट्रॉन आपल्याकडे खेचून घेतात. कागदोपत्री भागीदारी अर्धी-अर्धी, पण माल सगळा भागीदाराच्या वखारीत. सिलिकॉनची अवस्था अशा नावापुरत्या मालकासारखी होते. त्याला कोणी बाहेरून जोडी देऊ केली तर ती हवीच असते. दुसरे कारण आकाराचे. सिलिकॉन कार्बनपेक्षा पुष्कळ मोठा अणू आहे. त्याच्याभोवती सहाजणांना बसण्याइतकी जागा आहे, कार्बनभोवती ती नाही. आमच्या जुन्या पाठ्यपुस्तकांतून याचे एक तिसरेच कारण छापलेले असे: सिलिकॉनजवळ ‘डी’ नावाची रिकामी कक्षा आहे आणि तिच्यात पाहुणे उतरतात. हे स्पष्टीकरण सुटसुटीत होते, परीक्षेत त्याला गुणही मिळत. पण पुढे गणकयंत्रांनी नीट हिशेब केले तेव्हा त्या कक्षेचा वाटा अगदीच किरकोळ निघाला. काही क्रमिक पुस्तकांतून ती कक्षा अजून हललेली नाही. पुस्तके अणूंपेक्षा जड असतात, दुसरे काय!

हे दोन पाहुणे आत कसे बसतात, ते सांगायला मला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. सकाळची डोंबिवलीची लोकल पुरे आहे. बाक तिघांचा. चौथा येतो, ‘जरा सरका’ म्हणतो, आणि तिघे सरकतात. चौथ्याला जागा मिळते, पण कोणाचीच बैठक पूर्वीसारखी ऐसपैस राहत नाही. सिलिकॉनचे असेच होते. आधी त्याच्याभोवती चार क्लोरीन चार कोपऱ्यांत, एकमेकांपासून होता होईल तेवढे दूर बसलेले; या आकृतीला चतुष्फलक म्हणतात. दोन नायट्रोजन समोरासमोरच्या दिशांनी येतात, एक वरून, एक खालून. चारही क्लोरीन दबून एका पातळीत चौकोनात येतात. सहा टोकांची, आठ पृष्ठांची आकृती होते, तिला अष्टफलक म्हणतात. आणि प्रत्येक क्लोरीनची पकड सैल होते. एरवी सिलिकॉन आणि क्लोरीन यांच्यातले अंतर सुमारे दोन अँगस्ट्रॉम. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. पाहुणे आल्यावर ते अंतर सुमारे २.२ होते. दोन दशांशांचा हा फरक वाचायला क्षुल्लक वाटतो; पण पुढची सगळी करामत या सैल पकडीची आहे.

पाहुणे समोरासमोरच बसतात हे क्ष-किरणांनी प्रत्यक्ष पाहिले गेले. पिरिडीन नावाच्या, अत्यंत घाण वासाच्या नायट्रोजनयुक्त द्रवाबरोबर सिलिकॉन टेट्राफ्लोराइडचे जे संयुग होते, त्याची रचना १९६९ साली छापून आली. (स्पिरिट पिण्याच्या लायकीचे राहू नये म्हणून त्यात घालण्याचा मान या पिरिडीनला पुष्कळ देशांत मिळालेला आहे, वासाची कल्पना यावरून यावी.) आणि जॉन डेव्हीच्या पांढऱ्या पुडीचा स्फटिक नीट वाढवून त्याची रचना जर्मन रसायनज्ञांनी प्रसिद्ध केली ती १९९६ साली. मोजपट्टीपासून क्ष-किरणांपर्यंत १८४ वर्षे. दोन अमोनिया, समोरासमोर, मध्ये चार फ्लोरीनांचा चौकोन. डेव्हीचा दोनाचा आकडा तसूभरही चुकलेला नव्हता.

आता इथे एक गंमत आहे, आणि ती समजली की या विषयाचा अर्धा भाग समजला. फ्लोराइडला अमोनिया भेटला तर दोघे एकत्र येतात आणि तसेच राहतात. क्लोराइडला अमोनिया भेटला तर तसे राहत नाहीत. आपल्याकडे पूर्वी दारोदार कल्हईवाले येत. तापलेल्या पातेल्यात नवसागराची चिमूट टाकली की पांढरा धूर उठे, आठवते ना? नवसागर म्हणजे अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांचा क्षार. सिलिकॉन टेट्राक्लोराइडमध्ये अमोनिया सोडला की नेमका हाच नवसागर ढिगाने तयार होतो. का? नायट्रोजन पाहुणा म्हणून येतो, क्लोरीनची पकड सैल होते, आणि अमोनियाजवळ हायड्रोजन आहे. सैल झालेला क्लोरीन आणि हा हायड्रोजन एकमेकांना धरून बाहेर पडतात, आणि दुसरा अमोनिया त्यांना गाठून त्यांचा नवसागर करतो. रिकाम्या जागेवर नायट्रोजन कायमचा बसतो. पाहुणा म्हणून आला तो घरजावई झाला! फ्लोराइडमध्ये हे घडत नाही, कारण फ्लोरीनचा सिलिकॉनशी बंध फारच बळकट. तो सैल झाला तरी सुटत नाही. आणि पिरिडीनबरोबर क्लोराइडमध्येही हे घडत नाही, कारण पिरिडीनच्या नायट्रोजनवर हायड्रोजनच नाही. बाहेर जायला क्लोरीनला जोडीदार मिळत नाही. मग तिथे पांढरे जटिल संयुग जसेच्या तसे तळाशी बसते. तापवले तर दोघे पुन्हा वेगळे होतात.

या पांढऱ्या धुराचा पहिला मोठा उपयोग युद्धात झाला. पहिल्या महायुद्धात जहाजे लपवण्यासाठी सिलिकॉन टेट्राक्लोराइड आणि अमोनिया एकत्र फवारून धुराचा पडदा करीत. नंतर त्याच क्रियेला शांततेचे काम मिळाले. नवसागर धुऊन किंवा उडवून काढला की मागे सिलिकॉन, नायट्रोजन आणि हायड्रोजन यांचे एक पांढरे संयुग उरते. ते तापवत नेले तर हायड्रोजन अमोनियाच्या रूपाने निघून जातो, आणि भट्टी पुरेशी तापली की सिलिकॉन नायट्राइडचे कठीण स्फटिक हाती येतात. पोलाद कातणारी हत्यारे आणि वेगाने फिरणाऱ्या बेअरिंगमधल्या गोळ्या याच्या करतात. जपानात अशा रीतीने अत्यंत शुद्ध भुकटी करण्याचा धंदा उभा राहिला.

ही झाली कारखान्याच्या आतली बाजू. बाहेरची बाजूही सांगितली पाहिजे, कारण आपण कारखान्यांच्या बाहेर राहतो, आणि फार जवळ राहतो. २६ एप्रिल १९७४ रोजी अमेरिकेत शिकागो शहराच्या दक्षिण भागात, बंदराजवळच्या साठवणतळावर सिलिकॉन टेट्राक्लोराइडची एक प्रचंड टाकी गळू लागली. द्रव बाहेर आला, हवेतला ओलावा त्याला भेटला, आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचा ढग वस्तीवर सरकला. हजारो माणसांना घरे सोडावी लागली आणि गळती आवरायला अनेक दिवस गेले. शिकागोची एप्रिलमधली हवा आपल्या हवेच्या मानाने कोरडी म्हणायची. आपल्याकडे आषाढात काय होईल, याचा अंदाज आपणच करा. आगीच्या बंबाचे पहिले हत्यार पाणी. पण या द्रवाच्या टाकीत पाणी शिरू देणे म्हणजे ढग आपल्या हाताने वाढवणे होय.

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २०१६ आणि २०२४ या दोन्ही सालच्या मे महिन्यांत भीषण स्फोट झाले आणि त्यांत माणसे गेली. तिथे सिलिकॉनची हॅलाइडे नव्हती, दुसरी रसायने होती, तेव्हा त्यांचा संबंध मी आजच्या विषयाशी लावत नाही. पण त्या प्रसंगांनंतर गावात जो प्रश्न ज्याच्या त्याच्या तोंडी होता, ‘आत काय होते?’, तो मला महत्त्वाचा वाटतो. हा प्रश्न स्फोटानंतर विचारण्याचा नव्हे. निदान रस्त्यावरून जाणाऱ्या टँकरपुरते तरी उत्तर टँकरवरच लिहिलेले असते. धोकादायक माल नेणाऱ्या गाडीवर माहितीफलक लावण्याचे बंधन मोटार वाहन नियमांत आहे, आणि त्या फलकावर चार आकडी क्रमांक असतो. तो सर्व जगात एकच आहे. पिरिडीन १२८२. सिलिकॉन टेट्राफ्लोराइड १८५९. आणि सिलिकॉन टेट्राक्लोराइडचा क्रमांक मराठी माणसाला पाठ करावा लागू नये: १८१८, म्हणजे पेशवाई बुडाली ते साल. शीळफाट्यावर किंवा ठाणे-बेलापूर रस्त्यावर गाडी अडकून पडली असता पुढच्या टँकरवरचा क्रमांक वाचण्याची सवय मुलांना लावावी, असे मला वाटते. वेळही जातो आणि शेजार कळतो.

आता छपरावर चला. आपल्या इमारतींच्या गच्च्यांवर सूर्याच्या उजेडावर वीज करणारे जे निळे-काळे तक्ते दिसू लागले आहेत, त्यांतला सिलिकॉन किती शुद्ध असावा लागतो? साध्या भट्टीतून निघालेला सिलिकॉन शंभरात अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव शुद्ध असतो. तो तिथे कवडीच्या कामाचा नाही. म्हणून त्याचे आधी क्लोरीनयुक्त द्रवात रूपांतर करतात, तो द्रव ऊर्ध्वपातनाने शुद्ध करतात आणि मग त्यातून सिलिकॉन परत मिळवतात. या कामात नायट्रोजनने दोन ठिकाणी मोठी मदत केली आहे.

पहिली मदत वाटणीची. ट्रायक्लोरोसिलेन म्हणजे सिलिकॉनवर तीन क्लोरीन आणि एक हायड्रोजन. तो एका राळेच्या मण्यांमधून सोडतात. त्या मण्यांवर अमाइन नावाचे नायट्रोजनाचे गट पक्के बसवलेले असतात. प्रत्येक नायट्रोजन आपली शिलकी जोडी येणाऱ्या सिलिकॉनला क्षणभर देतो. पकडी सैल होतात, आणि शेजारी आलेले दोन रेणू आपसांत क्लोरीन आणि हायड्रोजन यांची अदलाबदल करून पुढे जातात. नायट्रोजन जागच्या जागीच राहतो, दलालासारखा. फरक एवढाच की हा दलाली घेत नाही. असे टप्प्याटप्प्याने होत शेवटी चार रेणूंपासून एक रेणू निव्वळ हायड्रोजनचा, म्हणजे सिलेन, मिळतो आणि तीन रेणू टेट्राक्लोराइडचे होतात. सिलेन तापवला की अत्यंत शुद्ध सिलिकॉन. ही कृती अमेरिकेत १९७०च्या दशकात, स्वस्त सौरविजेच्या शोधात असताना, पुढे आली.

पण हिशेब करून पाहा. एक किलो सिलिकॉन मिळवताना या वाटणीत सुमारे १८ किलो टेट्राक्लोराइड तयार होतो. चांगल्या कारखान्यात तो हायड्रोजनबरोबर परत ट्रायक्लोरोसिलेनकडे वळवतात आणि चक्र बंद होते. ते खर्चाचे काम आहे. चीनच्या हेनान प्रांतात तो गावाजवळच्या शेतजमिनीवर ओतला गेल्याचे वृत्त २००८ साली जगभर गाजले. उजेडापासून वीज करणारी वस्तू स्वच्छ, एवढे म्हणून आपण थांबतो. ती ज्या टाकीतून आली त्या टाकीचे काय झाले हे विचारत नाही. आपल्या देशात तामिळनाडूत मेट्टूर येथे १९८०च्या दशकात असे शुद्ध सिलिकॉन थोड्या प्रमाणावर होऊ लागले होते. पण आजवरची आपली गरज मुख्यतः आयातीवरच भागत आली आहे. हा धंदा मोठ्या प्रमाणावर आपल्याकडे यावा असे मलाही वाटते. मात्र येताना त्याने चक्र बंद करण्याचे यंत्र बरोबर आणावे. ते पुढच्या वर्षी बसवू, असे चालणार नाही.

टेट्राक्लोराइड टाकून देण्याचे कारणही नाही, कारण त्याला दुसरे गिऱ्हाईक आहे. दूरध्वनी आणि संगणक यांचे संदेश ज्या काचेच्या तंतूंतून धावतात, ती काच वाळूपासून थेट करत नाहीत. टेट्राक्लोराइडची वाफ ऑक्सिजनमध्ये जाळून करतात. आपल्या महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज आणि शेंद्रा येथे हा उद्योग आहे. वाळूजला वाळूची काच व्हावी, हा योगायोग मला फार आवडतो.

दुसरी मदत बोरॉनबाबतची. बोरॉनचा अंश कोट्यवधी अणूंत एखादा असला तरी सिलिकॉनचा विद्युतगुण बदलतो, आणि बोरॉनची क्लोरीनयुक्त संयुगे ऊर्ध्वपातनात पूर्णपणे वेगळी होत नाहीत. पण बोरॉन नायट्रोजनच्या जोडीचा सिलिकॉनपेक्षाही अधिक भुकेला. म्हणून नायट्रोजनयुक्त द्रव्य किंवा तशा राळेचे मणी मध्ये ठेवले की बोरॉन तिथे अडकतो आणि सिलिकॉन पुढे निघून जातो. पाहुण्याला दोन यजमान असले की जास्त आग्रह करणाऱ्याकडे तो राहतो, तसे हे.

पाहुण्यांचेही प्रकार असतात. दोन नायट्रोजन एकाच रेणूत जवळजवळ जोडलेले असले, जसे बायपिरिडीनमध्ये, तर ते समोरासमोर बसू शकत नाहीत; चिमट्यासारखे एकाच बाजूने धरतात. आणि मेथिल-इमिडाझोलसारखा जबर दाता असला तर दोघांवर भागत नाही, चौघे येऊन बसतात. तेव्हा मात्र मूळच्या चार हॅलोजनांपैकी दोघांना उठून बाहेर, ऋणभार घेऊन, दारात उभे राहावे लागते. लोकलच्या बाकाचा दाखला मी इथे पुढे नेत नाही, कारण आपल्याकडे अजून तेवढी पाळी आलेली नाही.

गेल्या तीसेक वर्षांत या कथेने एक वळण घेतले. आतापर्यंत सिलिकॉन नेहमी घेणारा होता. १९९४ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनला रॉबर्ट वेस्ट यांच्या प्रयोगशाळेत एक संयुग बाटलीत टिकले, ज्यात सिलिकॉनला चाराऐवजी दोनच बंध आहेत, दोन्ही नायट्रोजनशी, आणि सिलिकॉनजवळच एक शिलकी जोडी आहे. २००६ साली जर्मनीत ग्योटिंगेनला हर्बर्ट रोस्की यांच्या गटाने दोन नायट्रोजनांच्या चिमट्यात धरलेला, एकच क्लोरीन उरलेला असा सिलिकॉन मिळवला. याचकच दाता झाला. आता तो आपली जोडी धातूंना देतो. पहिल्या पद्धतीने हे संयुग फार थोडे मिळे. २०१० साली सोपी आणि भरघोस उत्पन्नाची पद्धत त्याच गटाने छापली, आणि त्या निबंधावरचे पहिले नाव डॉ. शाक्य सेन यांचे आहे. ते पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आले. १९५० साली पाषाणच्या माळावर उघडलेल्या त्या प्रयोगशाळेत आता या जातीच्या सिलिकॉनवर काम होते. ज्या क्रियांसाठी आज महागडे धातू लागतात, त्यांतल्या काही तरी गारगोटीतल्या या स्वस्त मूलद्रव्याकडून करवून घेता येतील का, हा त्यामागचा मोठा प्रश्न आहे. उत्तर अजून पूर्ण हाती नाही. थोड्याफार क्रिया साधल्या आहेत, पुष्कळ साधायच्या आहेत.

शेवटी एक शंका. श्रोत्यांपैकी कोणीतरी ती विचारीलच, म्हणून मीच घेतो. नायट्रोजन जर इतका उदार, तर हवेचे पाच भाग केले असता जवळजवळ चार भाग नायट्रोजनच आहे. तो सिलिकॉन टेट्राक्लोराइडला का चिकटत नाही? कारण हवेतला नायट्रोजन एकेकटा नसतो, जोडीने असतो, आणि त्या दोघांमध्ये तीन-तीन बंध असतात. त्यांच्याजवळही शिलकी जोड्या आहेत, पण त्या त्यांनी अगदी पोटाशी आवळून धरलेल्या आहेत. देण्याची दानतच नाही. त्यामुळे ही नाजूक संयुगे हाताळताना रसायनज्ञ ओलावा आणि ऑक्सिजन यांच्यापासून ती वाचवण्यासाठी काचेची बंद पेटी वापरतात, तिला आतल्या बाजूने रबरी हातमोजे जोडलेले असतात. ज्या पेटीत अमोनियाचा नुसता वासही चालत नाही, ती पेटी ते सिलिंडरमधला कोरडा नायट्रोजन सोडून भरतात.